आजच्या दिवसाचे वचन



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो पगारवाढ, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा ख्रिस्ती समाजातील रोजच्या चिंतनाची परंपरा हा विषय आम्ही कळवला. त्यांना थोडे आश्चर्य वाटले असावे. आम्ही त्या धर्मात जन्मलेलो नाही आणि धर्मशास्त्राचे पंडितही नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहताना जे हाती पडले ते वाचून झाले. परंतु आमच्या सभासदांत वसईचे आणि नगरकडचे ख्रिस्ती बांधव आहेत. त्यांतले काही जण डब्याच्या पिशवीत एक लहान पुस्तिका ठेवतात आणि पाळी सुरू होण्यापूर्वी त्या तारखेचे पान वाचतात. त्यामुळे आमचे कुतूहल जागे झाले, आणि त्याबरोबर एक शंकाही आली.

ती शंका आधीच सांगून टाकतो. धर्माला अफूची उपमा देणारे मार्क्सचे वाक्य १८४४ सालचे आहे, आणि आमच्या चळवळीत ते पाठ नसलेला कार्यकर्ता मिळणे कठीण. कामगाराने सकाळी एक पवित्र ओळ वाचावी, मन शांत करावे आणि मुकाट्याने यंत्रावर उभे राहावे, एवढ्यासाठीच ही रोजची चिंतने नाहीत ना? की त्यांत याहून निराळे काही आहे? या प्रश्नाचा छडा लावण्याचा आज प्रयत्न करू.

जर्मनीच्या पूर्व भागात, सॅक्सनीमध्ये, हेर्नहूट नावाचे एक लहानसे गाव आहे. धर्मछळाला कंटाळून मोराव्हियातून आलेल्या कुटुंबांनी १७२२ साली ते वसवले. वसाहतीसाठी पहिले झाड तोडले ते क्रिस्टियन डाव्हिड नावाच्या एका सुताराने. जमीन होती काउंट त्सिंत्सेनडोर्फ या तरुण उमरावाची, पण वस्ती होती ती सुतार, विणकर, कुंभार, चाकू-कातऱ्या करणारे अशा हातावर पोट असलेल्या माणसांची. ३ मे १७२८ रोजी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्सिंत्सेनडोर्फने जमलेल्या लोकांना दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली. सैन्यात रात्रीच्या पहारेकऱ्यांना ओळखीचा शब्द देतात, त्या धर्तीवर हा त्या दिवसाचा शब्द. पुढे रोज हा क्रम सुरू झाला. सकाळी कोणीतरी एक भाऊ गावातील घरोघर जाई, दारात उभा राहून त्या दिवसाचे वचन सांगे आणि घरातल्या माणसांची विचारपूस करी. १७३१ सालासाठी ही वचने प्रथम छापली गेली, आणि तेव्हापासून ही पुस्तिका दरवर्षी निघत आली आहे. आज ती पन्नासाहून अधिक भाषांत निघते.

या पुस्तिकेची दोन वैशिष्ट्ये आम्हाला महत्त्वाची वाटतात. पहिले असे की, तीतली जुन्या करारातील वचने चिठ्ठ्या टाकून काढतात. सुमारे १,८०० वचनांचा संग्रह आहे. त्यातून वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एकेक वचन उचलले जाते, आणि तेही सुमारे तीन वर्षे आधी. त्याला जुळणारे नव्या करारातील वचन मात्र विचारपूर्वक निवडतात. म्हणजे आजच्या दिवशी तुमच्यापुढे काय येईल, हे तुमच्या हाती नाही. मालकाला आपल्या सोयीचे वचन आज लावून घेता येत नाही, आणि युनियनच्या पुढाऱ्यालाही येत नाही. ज्या दिवशी तुम्ही कोणावर तरी रागावलेले असाल, त्याच दिवशी क्षमेचे वचन येईल. ज्या दिवशी तुम्ही स्वस्थ बसायचे ठरवले असेल, त्याच दिवशी न्यायासाठी उठण्याचे येईल. माणूस स्वतःच वचन निवडू लागला, तर तो बहुधा आपल्याला गोड लागेल तेच निवडतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ते घरोघर जाणे. वचन केवळ देवळात वाचले गेले नाही, ते माणसाच्या पायांनी शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेले. चाळीतून फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याला याचे मोल लगेच कळेल. पत्रक छापणे सोपे असते. ते घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले, की आत कोण आजारी आहे, कोणाच्या घरी आज चूल पेटलेली नाही, हे दिसते. मग पत्रकातले शब्द बाजूला राहतात आणि खरे काम सुरू होते.

आता हे चिंतन कशावर करायचे? पुष्कळांची कल्पना अशी, की चिंतन म्हणजे एकांत, डोळे मिटणे, संसारापासून दूर जाणे. ख्रिस्ती परंपरेत तसलेही चिंतन आहे. पण तिच्यात दुसरा एक प्रवाह आहे, आणि तो स्वयंपाकघरातून व शेतातून वाहतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा सेवक होता. मूळ नाव निकोला एर्मान. लॉरेनचा गरीब मुलगा, तरुणपणी शिपाई होता, लढाईत जखमी झाला, नंतर काही काळ कोणाच्या तरी घरी चाकरी केली आणि १६४० साली मठात आला. तेथे त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. वर्षानुवर्षे त्याने भांडी घासली, चूल सांभाळली आणि पुढे पाय चालेनात तेव्हा मठातल्या माणसांच्या चपला शिवल्या. त्याचे म्हणणे एवढेच होते, की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ या त्याला निराळ्या वाटत नाहीत. भांड्यांच्या खणखणाटातही देव तेवढाच जवळ असतो. १६९१ साली तो वारला. त्याची संभाषणे आणि पत्रे त्याच्या मागे इतरांनी छापली, आणि ती आजही वाचली जातात. कामगारांच्या दृष्टीने यात मोठी गोष्ट आहे. हाताने करायच्या कामाला, त्यातही भांडी घासण्यासारख्या हलक्या मानलेल्या कामाला, येथे प्रतिष्ठा मिळाली.

फ्रान्सचेच दुसरे उदाहरण घ्या. मिले या चित्रकाराने १८५७ ते १८५९ या काळात काढलेले एक चित्र जगभर प्रसिद्ध आहे. बटाट्याच्या शेतात एक पुरुष आणि एक स्त्री मान खाली घालून उभी आहेत, बाजूला टोपली, ढकलगाडी आणि शेतीचे हत्यार, आणि दूर क्षितिजावर देवळाचा मनोरा. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी दिवसातून तीनदा वाजणारी घंटा ऐकून ती दोघे थांबली आहेत. मिलेने सांगून ठेवले आहे, की आपली आजी शेतात काम करताना घंटा वाजली की सगळ्यांना थांबायला लावी आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला सांगे. त्या आठवणीतून हे चित्र आले. अशा घंटा गोव्यात आणि वसईत आपल्याकडेही वाजत आल्या आहेत.

चित्र सुंदर आहे. पण त्या दोघांना थांबता आले, कारण ती शेतात होती. यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला घंटा ऐकून थांबता येते काय? तेथे भोंगा त्याच्यासाठी वाजत नाही, तोच भोंग्यासाठी धावतो. चिंतनाला वेळ लागतो, आणि वेळ ही गोष्ट कामगाराला कोणी फुकट दिलेली नाही. येथे ख्रिस्ती लोकांनी यहुदी परंपरेकडून घेतलेला एक नियम आठवावा. आठवड्याचा एक दिवस विश्रांतीचा. जुन्या कराराच्या अनुवाद या पुस्तकात त्याचे कारण दिले आहे, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तुझ्या दासालाही आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसर देशात गुलाम होतास, असा त्याचा आशय आहे. बैल आणि गाढव यांचीही नावे त्या आज्ञेत आहेत. मुक्त झालेल्या गुलामांनी आपल्या हाताखालच्या माणसांना गुलामासारखे राबवू नये, हा त्या सुटीचा पाया.

आपल्या मुंबईत ही सुटी झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली, गिरणी कामगारांच्या सह्यांचे अर्ज दिले, सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. लोखंडे सत्यशोधक, महात्मा फुले यांचे सहकारी. ज्या कामगारांसाठी ते लढले त्यांच्यातल्या कित्येकांना रविवार म्हणजे खंडोबाचा वार. ख्रिस्ती माणसाला तोच वार प्रभूचा. श्रद्धा दोन, पण सुटी एकच, आणि ती मिळाली एकीने. आजही हॉटेलात, सुरक्षा रक्षकांत, दुचाकीवरून घरोघर सामान पोचवणाऱ्या मुलांत असे हजारो आहेत, की ज्यांना खरी आठवड्याची सुटी ठाऊक नाही. त्यांच्या हाती चिंतनाची पुस्तिका देऊन काय करणार? आधी त्यांना ती वाचण्यापुरती फुरसत मिळाली पाहिजे.

ख्रिस्ती पंचांगात सणवारही आहेत, आणि रोजची चिंतने त्यांच्याशी बांधलेली असतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून मनुष्य माती आहे याची आठवण देतात. त्या दिवशी गिरणीचा मालक आणि झाडूवाला एकाच रांगेत उभे राहतात. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याचे हे स्मरण. पाय धुणे हे त्या काळी चाकराचे काम होते, म्हणून तर पेत्राने आधी नको म्हटले. आणि १ मे हा आपला कामगार दिन. त्या तारखेला १९५५ साली पोप बारावे पायस यांनी कामकरी संत योसेफ यांचा सण ठरवून दिला. योसेफ सुतार होता. रोमने कामगारांचा दिवस आपल्याकडे ओढण्यासाठी हे केले, असे आमचे काही मित्र म्हणतात. तसे असेलही. पण देवाच्या पुत्राला वाढवणारा माणूस हातात रंधा धरणारा होता, ही गोष्ट १९५५ पूर्वीही खरीच मानली जात होती.

रोजच्या जगण्यातून चिंतन कसे निघते, याचा एक नमुना पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो पहाटे नाक्यावर गेला आणि एक दिनार मजुरी ठरवून त्याने माणसे लावली. पुन्हा नऊ वाजता गेला, बाराला गेला, तीनला गेला, आणि दिवस संपायला एक तास उरला असताना पाच वाजता गेला. तेव्हाही काही माणसे उभीच होती. का उभे आहात विचारले, तर म्हणाले, आम्हाला कोणी काम दिले नाही. त्यांनाही त्याने मळ्यात धाडले, आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार दिला. पहाटेपासून राबलेले कुरकुरले.

ही गोष्ट वाचून आमच्यातले पहिले मत पहाटेच्या कामगारांच्या बाजूचे पडते. सारख्या कामाला सारखा दाम, हे आमचे ब्रीद. पण ज्याने मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार पाहिला किंवा त्याच्याविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्याला या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. बदली कामगार रोज सकाळी दारावर यायचा. कायम कामगार गैरहजर असला तर त्याला काम, नाहीतर परत. आज शहराच्या प्रत्येक मजूर नाक्यावर तीच स्थिती आहे. पाच वाजेपर्यंत उभा राहिलेला माणूस आळशी असतो काय? तो दिवसभर आशेवर उभा असतो, आणि ते उभे राहणे कामाहून कमी कष्टाचे नाही. त्याने तास एकच भरला, पण त्याच्या घरची भूक पूर्ण दिवसाची असते. दिनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे मालकाने कामाचे तास मोजले नाहीत, माणसाची भाकर मोजली. किमान वेतनाची कल्पना याहून निराळी काय आहे? आपला किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. असे चिंतन पिशवीतल्या पुस्तिकेतून निघत असेल, तर ती अफू नव्हे.

भाकरीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. ख्रिस्ती माणूस रोज जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात तो आजच्या दिवसापुरती भाकर मागतो, आणि ती मागताना मी म्हणत नाही, आम्ही म्हणतो. एकट्याचे पोट भरले म्हणजे ती प्रार्थना पुरी झाली, असे त्याला मानता येत नाही. निर्गम या पुस्तकात रानात पडणाऱ्या मान्नाची कथा आहे. ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने कमी केले त्याला कमी पडले नाही, आणि ज्याने दुसऱ्या दिवसासाठी साठवले त्याच्या मान्नाला किडे पडले. त्याच परंपरेत मजुरीविषयी सक्त आज्ञा आहे: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आपल्या १९३६ च्या कायद्याने वेतन पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत, आणि हजार किंवा अधिक कामगार असतील तेथे दहाव्या दिवसापर्यंत देण्याचे बंधन घातले होते. त्या जुन्या आज्ञेपुढे हे बंधन सैलच म्हणायचे, आणि कंत्राटदार तेवढेही पाळत नाहीत, हा आमचा रोजचा अनुभव.

असे चिंतन करणारी माणसे प्रत्यक्षात लढली काय? लढली. इंग्लंडात डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावचा जॉर्ज लव्हलेस शेतात नांगर धरणारा मजूर होता आणि रविवारी मेथडिस्ट मंडळीत प्रवचन करणारा होता. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात अशी उतरत गेली आणि आता सहा होणार असे कळले, तेव्हा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी संघ काढला. संघ काढणे गुन्हा नव्हता, म्हणून गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकांनी मोर्चे काढले, अर्ज केले, आणि १८३६ साली त्यांना माफी द्यावी लागली. जगातल्या कामगार चळवळीने ज्यांना हुतात्मे मानले, त्यांचा पुढारी रोज बायबल उघडणारा माणूस होता.

पण श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर आम्ही वकिली केली असे होईल. दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या हेर्नहूटच्या माणसांनी रोजचे वचन घरोघर नेले, त्यांच्यातलेच दोघे, कुंभार डोबर आणि सुतार निट्शमान, १७३२ साली डेन्मार्कच्या ताब्यातील सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करण्यासाठी गेले. हेतू उदात्त होता. परंतु त्याच दशकात तेथल्या त्यांच्या मिशनने एक मळा विकत घेतला आणि मळ्याबरोबर गुलामही घेतले. सकाळी वचन वाचायचे, गुलामांना बंधू म्हणायचे, त्यांना गाणी शिकवायची, आणि दिवसभर त्यांच्या श्रमावर मळा चालवायचा. त्या बेटांवरची गुलामगिरी १८४८ साली गुलामांनीच उठाव केला तेव्हा संपली. वचने तीच होती. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण देणारी ओळही त्यांच्यापुढे येत असलीच पाहिजे. ती वाचली गेली, पण मळ्याच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोचली नाही. मार्क्सचा आक्षेप येथे लागू पडतो, आणि तो मान्य केला पाहिजे.

याच पुस्तिकेचा दुसरा एक वाचक पाहा. डीट्रिख बोनहोफर हे जर्मन पाद्री १९३९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला सुरक्षित जागी पोचले होते. हिटलरच्या राज्यातून मित्रांनी त्यांना बाहेर काढले होते. तेथे ते रोज ही वचने वाचत आणि डायरीत त्यांविषयी लिहीत. परत जाण्याचे त्यांनी ठरवले होते, पण मनाची घालमेल थांबली नव्हती. त्याच दिवसांत पौलाने तीमथ्याला केलेली, हिवाळ्याआधी येण्याची विनंती त्यांच्या वाचनात आली, आणि ती दिवसभर त्यांच्या मनातून हलेना. जुलैमध्ये ते जहाजाने परत निघाले. १९४३ मध्ये अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. पुस्तिका तीच, ओळी तशाच दोन-चार शब्दांच्या. एका ठिकाणी ती हिशेबाच्या वहीबाहेर राहिली, दुसऱ्या ठिकाणी तिने माणसाला त्याच्या लोकांकडे परत नेले.

मराठी माणसाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, आणि ते मराठी ओवीत आहे. नवे ख्रिस्ती झालेले लोक ते देवळात ऐकत, कारण पुराण ऐकत दिवस घालवण्याची सवय त्यांना आधीपासून होती. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचा साचा घेतला. ज्या मातीत वारकऱ्याने रोजचा नेम लावून घेतला, त्याच मातीत ख्रिस्ती माणसाचा नेमही रुजला.

तेव्हा आरंभी मांडलेल्या शंकेचे आमचे उत्तर असे आहे. रोजचे चिंतन अफू होऊ शकते, कित्येकदा झालेही आहे. माणूस ते मन निववण्यासाठी वाचतो आणि पुस्तिका मिटतो, तेव्हा ते अफूच. पण त्याच ओळीला जर त्याने आज विचारले, की माझ्या हाताखालच्या माणसाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी दिली काय, नाक्यावर पाचपर्यंत उभा असलेला माणूस मला दिसला काय, माझ्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्याची सुटी आहे काय, तर ती ओळ त्याला स्वस्थ बसू देणार नाही. हे प्रश्न विचारायला कोणी ख्रिस्ती असलेच पाहिजे असे नाही. आपल्या सभेत मालक आहेत, अधिकारी आहेत, गृहिणी आहेत, आमच्यासारखे युनियनवालेही आहेत. युनियनच्या कचेरीतही झाडू मारणारा एक माणूस असतो आणि त्याचाही पगार असतो, हे आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगत असतो.

हेर्नहूटचा तो भाऊ वचन सांगून लगेच पुढे निघत नसे, दारात उभा राहून विचारपूस करी. त्या परंपरेतले आम्हाला सर्वांत पटले ते हेच.